तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

(घरचा ग्रुप, बुधवार रात्र)

दादा: व्हॅन बघून आलो. सात सीटर, ऑटोमॅटिक, एकच मालक, सहा वर्षं जुनी. चालवायला मस्त आहे. मला पसंत आहे, तुम्ही सगळे बोला.

बाबा: सर्व्हिस रेकॉर्ड?

दादा: सगळं वेळच्या वेळी आहे बाबा. बिलांवरचे किलोमीटर मीटरशी जुळतात.

काका: तू गेलास तेव्हा इंजिन गार होतं का?

दादा: नाही काका, मालक नुकतेच गाडी फिरवून आले होते.

काका: मग इंजिन अजून बघायचं राहिलंय असं धर. रात्रभर उभी असलेली गाडी आपल्यासमोर सुरू झाली पाहिजे. आधी बॉनेटवर हात ठेवायचा, कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी जायचं. सुरू करताना एकाने मागे उभं राहायचं. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. गारठ्यात पांढरी वाफ येते, तिची काळजी नको. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि वास गोडसर असला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, इंजिनाच्या आत जातंय. तशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नकोस.

ताई: मला वेगळंच विचारायचंय. मागच्या रांगेत कोणी बसून बघितलं?

दादा: मी वाकून बघितलं. जागा आहे.

ताई: वाकून बघून काही कळत नाही रे. आम्ही पहिली सात सीटर अशीच घेतली होती. घरी आणून बाळाची सीट मधल्या रांगेत बसवली आणि मग लक्षात आलं, जी सीट पुढे पाडून मागे जायचं तीच आता अडकली. मागे कोणाला बसवायचं तर बाळाची सीट काढा, माणूस चढवा, परत सीट लावा. दोन वर्षं ती गाडी पाच सीटर म्हणूनच वापरली. तुमच्याकडे धाकटी दोन वर्षांची आहे. तुझं तसं व्हायला नको म्हणून जीव तोडून सांगते, बाळाची सीट बरोबर ने आणि तिथेच लावून बघ.

वहिनी: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं ताई. बाळाची सीट गाडीला अडकवायचे आयसोफिक्सचे हुक कुठे आहेत तेही बघायला हवं ना?

ताई: हो. बहुतेक व्हॅनमध्ये ते मधल्या रांगेत कडेच्या सीटांना असतात, सगळ्यात मागे बऱ्याचदा नसतातच. पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथे बोटं घाल, दोन लोखंडी दांड्या हाताला लागतील. बाळाच्या सीटच्या वरच्या पट्ट्याचा हुक कुठे आहे तेही बघ, तो कधी पाठीमागे असतो, कधी जमिनीत.

आई: मला मागे बसवू नका रे बाबांनो. गुडघे वाकवून आत शिरणं जमत नाही.

ताई: आई, तू मधल्या रांगेत. मागे मी आणि मोठा. पण मागे मोठ्या माणसाने दहा मिनिटं तरी बसलंच पाहिजे. मागची जमीन उंच असली की गुडघे छातीशी येतात आणि मांड्यांना खालून आधारच राहत नाही. शोरूममध्ये मिनिटभर बसून ते जाणवत नाही, तासाभराने कंबर बोलायला लागते. हेडरेस्ट डोक्यापर्यंत वर येतो का बघ. एसीची हवा मागे येते का बघ. आणि कर्टन एअरबॅग, म्हणजे खिडक्यांवरून पडद्यासारखी उघडणारी, तिसऱ्या रांगेपर्यंत आहे की दुसरीपाशीच संपते, हे मॅन्युअलमध्ये वाच, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नकोस.

मी: मी पण गेले होते दादाबरोबर. डाव्या बाजूचा सरकता दरवाजा शेवटच्या वीतभर अंतरात अडखळत होता, खरखर आवाज येत होता. मालक म्हणाले ग्रीस लावलं की होईल.

काका: नुसती घाण असेल तर होईल. दरवाजा सरकतो त्या खालच्या पट्टीत बॅटरीचा उजेड मार. खडी, माती असेल तर ब्रशने निघते. रोलर, म्हणजे दरवाजा ज्यावर सरकतो ते चाक, झिजला असेल तर दरवाजा उघडताना खाली झुकतो, आणि ग्रीसने झिजलेला रोलर बरा होत नाही. गाडी उतारावर उभी करून दरवाजा पूर्ण उघडा ठेव, आपोआप सरकत आला तर त्याला उघडा धरून ठेवणारी अडकण बिघडलीय. दरवाजा बटणावर चालतो का?

दादा: हो.

काका: मग मध्ये टॉवेलची गुंडाळी धरून बंद कर. टॉवेल लागल्याबरोबर दरवाजा मागे फिरला पाहिजे. हात घालून बघायचं नाही, मुलांना तर जवळही येऊ द्यायचं नाही.

बाबा: टायर?

मी: फोटो काढलेत. तिघांवर 3419, एकावर 0822.

बाबा: म्हणजे तीन टायर 2019 च्या 34व्या आठवड्यातले, चौथा 2022 च्या 8व्या आठवड्यातला. तीन गाडीबरोबरचेच दिसतात, वयाने बदलायला आलेत. ते भावात धर. आणि एकच का बदलला तेही विचार. पंक्चर असेल, नाहीतर कुठेतरी आपटली असेल.

ताई: वजनाचंही बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर बहुधा पट्टी असते, भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन तिच्यावर लिहिलेलं असतं.

मी: तिचाही फोटो आहे. त्यातून कागदातलं रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं तर 550 किलो उरतात.

ताई: आता मांडा. आपण सात जण मिळून 382 किलो, बाळाची सीट 12, सामान 100. झाले 494. उरले 56. वर कॅरिअर लावला तर त्याचं आणि त्यावरच्या सामानाचं वजन ह्यातूनच जाणार. सात सीटर म्हणजे सात माणसं आणि हवं तेवढं सामान असं नसतं.

वहिनी: आणि सातही सीटा वर असताना डिकीत बाबागाडी मावेल का?

ताई: तीही ने. 

(शनिवार दुपार)

दादा: सगळे मिळून बघून आलो. काका आणि ताईसाठी लिहितोय. इंजिन गार होतं, पहिल्या फटक्यात सुरू झालं, धूर नाही. कूलंट स्वच्छ. सगळे सीटबेल्ट टोकापर्यंत ओढले, कुठेही चिखलाचा डाग नाही, म्हणजे गाडी पुराच्या पाण्यात गेल्याची ती खूण तरी नाही. कर्टन एअरबॅग मागपर्यंत आहे, मॅन्युअलमध्ये वाचलं. बाबागाडी उभी मावत नाही, आडवी मावते.

ताई: आणि बाळाची सीट?

वहिनी: तीच तर खरी अडचण आहे ताई. पुढे पडते ती फक्त डावीकडची एकेरी सीट. तिथे बाळाची सीट लावली की मागची वाट बंद. मग उजवीकडे लावली, घट्ट बसली. मध्ये मी, डावीकडे आई. मागच्यांना उतरायचं असलं की आधी आईंनी उतरायचं.

आई: तेवढं मी उतरेन. पायरी कमी उंचीची आहे आणि धरायला दांडी आहे.

काका: म्हणजे चौघांचं चढणं-उतरणं डाव्या दारावर.

मी: आणि अडखळतो तो तोच. पट्टी ब्रशने पुसून काढली, खरखर थांबली, पण दरवाजा उघडताना अजून झुकतो.

काका: रोलर गेलाय. आधी तो बदलून मागा, पैसे कमी करून देतो म्हणाले तरी ऐकू नका. बदलल्यावर परत उतारावर उभी करून बघा.

दादा: मालकांशी बोललो. गुरुवारपर्यंत बदलून देतो म्हणाले. तोवर टोकन देत नाही. शुक्रवारी आपल्या मेकॅनिकला घेऊन जातो, तो गाडी वर उचलून खालून बघेल.

ताई: मला घेऊन जा. त्या दारातून मीच चढून उतरून बघते.