मदत हवी आहे: रेस्क्यू गोळी घेतलेल्या रुग्णाची वेदना कशी मोजावी?

मी दंतशल्यचिकित्सेचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. खालची रुतलेली अक्कलदाढ काढल्यानंतरच्या वेदनेवर आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल १००० मिग्रॅ यांची तुलना हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. भूल उतरून वेदना १०० मिमीच्या रेषेवर (० म्हणजे वेदना नाही, १०० म्हणजे असह्य वेदना) निदान ५० पर्यंत चढली की एकच मात्रा द्यायची, पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी व पुढे सहाव्या तासापर्यंत दर तासाला रुग्णाकडून रेषेवर खूण करून घ्यायची आणि मूळ वेदनेत झालेल्या घटीची वेळेच्या भारानुसार बेरीज करायची, इतके ठरले आहे.

अडचण पुढे आहे. समजा, ६२ वर असलेला रुग्ण दोन तासांनीही ५८ वरच राहिला, त्याने रेस्क्यू गोळी (चाचणीचे औषध पुरे न पडल्यास द्यायची दुसरी वेदनाशामक गोळी) मागितली आणि तिसऱ्या तासाला १५ वर खूण केली. ही ४७ ची घट आमच्या औषधाच्या खात्यावर जमा करता येणार नाही. असे रुग्ण विश्लेषणातून वगळावेत, असे गाइड म्हणतात. परंतु मग ज्यांना औषध लागूच पडले नाही नेमके तेच गळतील. शिवाय प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी, देण्याच्या गटाला एथिक्स कमिटीचा आक्षेप आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपली शंका रास्त आहे. रुग्ण वगळू नयेत. रेस्क्यू गोळी तोंडात जाण्यापूर्वी खूण करून घ्यावी आणि एकाच मात्रेच्या अभ्यासात तोच आकडा शेवटपर्यंत पुढे न्यावा, म्हणजे आपल्या उदाहरणात घट ४ च राहील. मूळचा ६२ धरणे हा अधिक कठोर पर्याय आहे. दोन्ही रीतींनी गणित करून निष्कर्ष टिकतो का ते पाहावे, आणि रेस्क्यूपर्यंत गेलेला वेळ स्वतंत्रपणे मांडावा. माझ्या मते तोच सर्वांत प्रामाणिक आकडा असतो.

प्लासिबोबाबत कमिटीला एवढेच दाखवावे की अक्कलदाढेची वेदना काही तासांनी आपोआपही उतरते, त्यामुळे दोन्ही गट सारखे आले तर दोन्ही औषधे चालली की दोन्ही फसली हे कळत नाही. एक औषध स्पष्टपणे सरस ठरले, तरच प्लासिबोवाचून भागते. अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर झालेल्या सुझेट्रिजीन या वेदनाशामकाच्या शस्त्रक्रियोत्तर चाचण्यांतही प्लासिबो गट होता, पण त्या रुग्णांना आयबुप्रोफेन मागता येत होते. रेस्क्यू केव्हाही मिळेल असे संमतिपत्रात स्पष्ट लिहून प्लासिबो गट लहान, २:२:१ या प्रमाणात, ठेवून पाहा. हे सारे पहिला रुग्ण घेण्यापूर्वी प्रोटोकॉलमध्ये आणि सीटीआरआयच्या (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणीत आले पाहिजे.