सगळे काम एकाच प्लॅटफॉर्मवर आणावे का? वीजक्षेत्राच्या सॉफ्टवेअरपुरती चर्चा

तापीतीर (जळगाव)

आमची कंपनी चाळीसेक माणसांची आहे. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या काही सौर व पवन प्रकल्पांच्या निर्मितीचे पूर्वानुमान काढणे, त्यावरून दिवसाच्या ९६ ब्लॉकांचे, म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचे, शेड्यूल (कधी किती वीज देणार याचे आगाऊ वेळापत्रक) तयार करणे आणि प्रत्यक्ष निर्मितीशी ते ताडून विचलनाचा हिशोब मांडणे हे आमचे काम. आज मीटर वाचणारा भाग सी प्लस प्लसमध्ये आहे, पूर्वानुमान पायथॉनमध्ये, शेड्यूल आणि बिलिंग सी शार्पमध्ये, आणि एक जुना मासिक अहवाल अजूनही व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६) या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या भाषेवर चालतो. येत्या दोन वर्षांत हे सगळे डॉटनेटवर, म्हणजे सी शार्प ज्यावर चालते त्या मायक्रोसॉफ्टच्या प्लॅटफॉर्मवर, आणावे, असा प्रस्ताव मी मांडला आहे.

त्याला कारण घडले ते फेब्रुवारीत. एका सौर प्रकल्पाचे आमचे पूर्वानुमान सकाळी सातत्याने चुकीचे ठरत होते आणि संध्याकाळी नेमके उलट्या बाजूने चुकत होते. मीटर प्रत्येक नोंदीवर ब्लॉक संपल्याची वेळ लिहीत होते. पायथॉनमधली पांडास ही लायब्ररी पंधरा मिनिटांचे गट पाडताना काही वेगळे सांगितले नाही तर गट सुरू झाल्याची वेळ लावते. त्यामुळे सगळा आलेख एक ब्लॉक सरकला होता. दुपारी सौरनिर्मितीची रेषा जवळपास सपाट असते, म्हणून तिथे फरक दिसत नसे. दिवसाची एकूण युनिट्स तर तंतोतंत जुळत, म्हणून रोजच्या अहवालातही काही खटकत नसे. विचलन शुल्काचा, म्हणजे शेड्यूल आणि प्रत्यक्ष निर्मिती यांतल्या फरकापोटी लागणाऱ्या शुल्काचा, हिशोब मात्र ब्लॉकनिहाय होतो. पूर्वानुमानाचे काम पाहणारा मुलगा बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होता आणि पायथॉन वाचू शकणारा दुसरा कोणी कार्यालयात नव्हता. चूक सापडायला अकरा दिवस लागले. चार भाषा सांभाळण्याची ही किंमत आहे, असे माझे मत आहे.

पठारावरून (साक्री)

आपण सांगितलेला प्रसंग आपल्याच प्रस्तावाच्या विरोधात जातो, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. नोंदीवरची वेळ ब्लॉकच्या आरंभाची की अखेरची, हे कोठेही लिहून ठेवलेले नव्हते, हा त्यातला दोष आहे. सगळे सी शार्पमध्ये असते, तरी एकाने आरंभ धरला असता आणि दुसऱ्याने अखेर. मी पवनचक्क्यांच्या आकडेवारीचे काम करतो. तिथे मॉडबसवरून (यंत्रांतून आकडे वाचण्याच्या एका प्रचलित पद्धतीने) येणारा दशांश आकडा १६-१६ बिटांच्या दोन रजिस्टरांत, म्हणजे कप्प्यांत, विभागलेला असतो, आणि त्यांतले आधी कोणते वाचायचे हे उत्पादकागणिक बदलते. क्रम उलटा धरला की वाऱ्याचा वेग भलताच दिसतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही यंत्रागणिक एक तक्ता ठेवला, आणि तो तक्ता तिन्ही भाषांतले प्रोग्रॅम वाचतात. आपल्याला प्रमाणीकरण करायचेच असेल तर वेळ, एकके, यंत्रांची नावे आणि गाळलेल्या नोंदी दाखवण्याची पद्धत यांचे आधी करावे. भाषेचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

दुसरे असे की, पूर्वानुमान डॉटनेटवर नेणे म्हणजे नेमके काय करणे, याचा अंदाज घेतला आहे का? पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४४ अंशांवर जाते, पॅनेल ६५ च्या पुढे तापते, आणि नुसत्या उष्णतेने बारा ते सोळा टक्के वीज कमी होते. हे गणित, सूर्याची स्थिती आणि तिरक्या पॅनेलवर पडणारे ऊन यांसह, पीव्हीलिब या पायथॉनच्या लायब्ररीत तयार आहे आणि अनेकांनी वर्षानुवर्षे तपासलेले आहे. ते आपण नव्याने लिहिले तर तपासणार कोण?

शिकवणी (धुळे)

मी नवीन मुलांना कामाला तयार करते, म्हणून त्या बाजूने लिहिते. आपल्या भागातली चांगली मुले वर्ष-दीड वर्ष अनुभव घेतात आणि पुण्याला जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. उरलेल्या वेळात मी त्यांना एक प्लॅटफॉर्म नीट शिकवू शकते, चार नाही. पठारावरच्या भाऊंचा तक्ता उत्तम आहे, पण रात्री अकरा वाजता शेड्यूल जायला अडले तर तक्ता उत्तर देत नाही, माणूस देतो, आणि त्या माणसाला समोरचा प्रोग्रॅम वाचता आला पाहिजे. मोठ्या शहरातल्या कंपनीत प्रत्येक भाषेचे पाच-पाच जाणकार असतात, आमच्याकडे प्रत्येकी एक. त्यामुळे तिकडचे शहाणपण इकडे जसेच्या तसे चालत नाही. तापीतीर यांना माझा पाठिंबा आहे.

दीपनगरवाले (निवृत्त)

मी औष्णिक वीज केंद्रात नियंत्रण विभागात नोकरी केली. सॉफ्टवेअर माझा विषय नाही, पण एकाच बनावटीची हौस मी पाहिली आहे. सगळ्या पंपांना एकाच मापाचे बेअरिंग घेतले की भांडार आटोपशीर राहते, फिटरला डोळे मिटून काम करता येते, हे खरे. पण उत्पादकाने ते माप बंद केले की सगळे पंप एकाच वर्षी अडचणीत येतात. आपला तो व्हीबी ६ वरचा अहवालही कधी काळी कोणाच्या तरी 'सगळे एकावरच आणू' या निर्णयातूनच आला असावा, अशी मला शंका येते.

तापीतीर (जळगाव)

आप्पा, शंका अगदी खरी आहे. २००३ साली कंपनीचे सगळे काम व्हीबी ६ वर होते आणि तो निर्णय तेव्हा शहाणपणाचाच होता. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये त्याचा आधार काढून घेतला. आमचा अहवाल मात्र अजून चालतो, कारण त्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. पण पायथॉनही त्यातून सुटलेले नाही. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तेव्हा आम्हीही दोन महिने दुरुस्त्याच करत होतो. डॉटनेटची दीर्घ मुदतीची आवृत्तीसुद्धा तीनच वर्षे सांभाळली जाते. म्हणजे स्थलांतर कोणालाच चुकत नाही, आणि ते चार ठिकाणी करण्यापेक्षा एका ठिकाणी केलेले बरे, हा माझा मुद्दा उरतोच.

पठारावरून यांचे पहिले म्हणणे मात्र मला मान्य करावे लागेल. काल मी आमचे सी शार्पमधलेच दोन प्रोग्रॅम तपासले. शेड्यूलचा प्रोग्रॅम ब्लॉक १ ते ९६ मोजतो, बिलिंगचा ० ते ९५. दोन्ही एकाच माणसाने लिहिले आहेत.

पठारावरून (साक्री)

तो माणूस आपणच नाही ना?

तापीतीर (जळगाव)

मीच आहे.

प्रस्ताव मी आता बदलून मांडतो आहे. व्हीबी ६ चा अहवाल आणि मीटर वाचणारा भाग डॉटनेटवर येतील. मीटर वाचण्यात सी प्लस प्लसच्या वेगाची गरज नव्हती, ती भाषा केवळ लिहिणाऱ्याच्या आवडीने आली होती. पूर्वानुमान पायथॉनमध्येच राहील, परंतु शिकवणी ताईंच्या आक्षेपाला उत्तर म्हणून त्या कामावर दुसरा माणूस बसेल, आणि महिन्यातला एक आठवडा पहिल्याने त्याला हातही लावायचा नाही.

शिकवणी (धुळे)

दुसरा माणूस मंजूर होईल, याची मला खात्री वाटत नाही. वरिष्ठांना भाषा कमी केलेली आवडते, कारण त्यात खर्च वाचलेला दिसतो. माणूस वाढवला की खर्चच दिसतो. आपण त्यांच्यापुढे फेब्रुवारीचे विचलन शुल्काचे बिल ठेवावे आणि त्या अकरा दिवसांची रक्कम वेगळी काढून दाखवावी.

तापीतीर (जळगाव)

ती रक्कम काढायला घेतली आहे. ० आणि १ चा घोळ आधी निस्तरतो, नाहीतर ती आकडेवारीही एक ब्लॉक सरकलेली निघायची.