आमची दहा नंबर कधी परतणार, पोरींना काय सांगू?

मुरारचे सर — २६ मार्च २०२५, रात्री

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरचा, मुरारमध्ये राहतो. एका शाळेत पीटी शिकवतो, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. माझं शिक्षण इथलंच, आता ज्याला एलएनआयपीई म्हणतात त्या शारीरिक शिक्षणाच्या लक्ष्मीबाई कॉलेजातलं. गाव तसं हॉकीचं. कॅप्टन रूपसिंगांचं गाव म्हटल्यावर दुसरं काय असणार? इथे मुलींची फुटबॉल टीम उभी करायला मला अकरा वर्षं लागली. त्या टीमची दहा नंबर ही माझी विद्यार्थिनी, अकरावीत आहे. नाव लिहीत नाही. शाळेत तिला सगळे ‘दहा नंबर’च म्हणतात.

१७ नोव्हेंबरच्या रविवारी मॅच होती. उजवीकडून आलेला बॉल घेऊन ती वळली आणि खाली बसली. आसपास कोणी नव्हतं, धक्का नाही, टॅकल नाही. नुसती वळली. आवाज मला लाइनवर ऐकू आला. सुक्या काटकीवर पाय पडल्यासारखा. डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आतला हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा (लिगामेंट), पूर्ण तुटलं होतं. १२ डिसेंबरला ऑपरेशन झालं, मांडीच्या मागच्या बाजूचा स्नायुबंध काढून तिथे बसवला. ऑपरेशन चांगलं झालं.

आता माझा प्रश्न. सहावी-सातवीच्या पोरी हातावर पेनानं १० लिहून येतात. गेटवरचा पेरूवाला, शाळेचा शिपाई, दुसऱ्या शाळेच्या मुली, जो भेटेल तो विचारतो, “सर, दीदी कब आएगी?” जानेवारीत ती कुबडी घेऊन मैदानावर यायची, लिंबाखाली बसायची, छोट्या पोरी तिची बाटली भरून आणायच्या. मला ते फार बरं वाटायचं. गेले पंधरा दिवस ती आलेलीच नाही. तिच्या आईकडून कळलं की मैदानावर गेलं की सगळे तारीख विचारतात आणि घरी आल्यावर ती जेवत नाही. हे ऐकून मला झोप लागली नाही, कारण तारीख मीही विचारली होती. एकदा नव्हे, तीन-चारदा.

मे महिन्यात निवड चाचणी आहे. वडिलांचं म्हणणं, पोरगी जिने चढते, हळू पळते, मग पाच महिने कमी का? एक वर्ष गेलं तर बारावी येईल आणि खेळ सुटेल. माणूस वाईट नाही. मुलीच्या प्रत्येक मॅचला दुकान बंद करून येणारा बाप आहे.

वडिलांना काय सांगू? पोरींना काय सांगू? आणि एवढं मोडल्यावर कोणी पहिल्यासारखं परत येतं का, हेही खरंखरं सांगा.

फिजिओ, इंदूर

सर, आधी वडिलांचं घेते. मे नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही.

कारण समजावून सांगते, म्हणजे तुम्हाला त्यांच्याशी बोलता येईल. जो स्नायुबंध आत बसवलाय तो अजून लिगामेंट झालेला नाही. सुरुवातीला त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. शरीर त्याच्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आणि नवे धागे तयार करतं, आणि या घडणीच्या पहिल्या काही महिन्यांत तो बसवला त्या दिवसापेक्षाही कच्चा असतो. पंचाईत अशी की नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं, आणि मुलगी म्हणते मी ठीक आहे. ती खोटं बोलत नसते. गुडघा तिला खरी बातमी देत नसतो. जिना चढणं ही सरळ रेषेतली हालचाल आहे. एसीएलची परीक्षा वळताना, थांबताना आणि उडी मारून उतरताना होते.

नऊ महिने हा किमान आकडा. म्हणजे सप्टेंबरच्या आधी मॅचचा विषय काढू नका. आणि नऊ झाले म्हणून आपोआप पास असंही नाही. एका पायावरची लांब उडी दोन्ही पायांची मोजा, फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. मांडीची ताकद तशीच. टेप घेऊन दोन्ही मांड्यांचा घेर मोजा, ऑपरेशनच्या बाजूची अजून बारीक निघेल. वडिलांना तो फरक डोळ्यांनी दिसू द्या. माझ्या अनुभवात आई-बाप डॉक्टरच्या लांबलचक बोलण्यापेक्षा टेपवरच्या दोन आकड्यांवर जास्त विश्वास ठेवतात. सोळा-सतराव्या वर्षी घाईनं परतलेल्यांमध्ये तोच गुडघा पुन्हा जाण्याचा किंवा दुसरा जाण्याचा धोका मोठ्यांपेक्षा बराच जास्त असतो. दुसऱ्या ऑपरेशननंतर मात्र मला कोणाला फार आशा दाखवता येत नाही.

आणखी एक, बाकीच्या मुलींसाठी. एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे. फिफाचा ‘११ प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. पळणं, एका पायावर तोल, मांडीमागच्या स्नायूंचा व्यायाम, उडी मारून गुडघा आत न पडू देता, म्हणजे आतल्या बाजूला झुकू न देता, उतरणं, असं सगळं त्यात येतं. साहित्य काही लागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा तरी करून घ्या. दोन गोलांचा सराव कमी झाला तरी चालेल.

नागपूरकर ९

सर, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. मी ब्राझीलच्या रोनाल्डोचा भक्त, हे आधीच सांगतो.

नोव्हेंबर १९९९ मध्ये इटलीच्या इंटर क्लबकडून लेच्चेविरुद्ध खेळताना त्याचा उजवा गुडघा गेला. वाटीखालचा स्नायुबंध होता, एसीएल नव्हे. पण वेळेचं गणित बघा. १२ एप्रिल २००० ला, म्हणजे पाच महिनेही पूर्ण झाले नव्हते, तो रोममध्ये लाझिओविरुद्ध कोपा इटालियाच्या, म्हणजे इटलीतल्या क्लबांच्या कपच्या, फायनलमध्ये बदली म्हणून उतरला. सगळं स्टेडियम त्याच्याकडे बघत होतं. जेमतेम सहा-सात मिनिटं. बॉल घेऊन डिफेंडरसमोर आला, पायांची ती त्याची फिरवाफिरवी सुरू केली आणि कोसळला. त्यालाही कोणी हात लावला नव्हता. गुडघा धरून तो जो ओरडला ते दृश्य मी आजही पूर्ण बघू शकत नाही. पहिल्या वेळी अर्धवट फाटलेलं या वेळी पूर्ण तुटलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २००२ चा वर्ल्ड कप, आठ गोल, योकोहामाच्या फायनलमध्ये जर्मनीविरुद्ध दोन्ही गोल त्याचे. पण ही गोष्ट सांगताना लोक मधला भाग गाळतात. दुसऱ्या वेळी त्याला वर्षाहून जास्त काळ दिला गेला. आणि जो परत आला तो वेगळा खेळाडू होता. बार्सिलोनाचा रोनाल्डो मैदानाच्या मध्यापासून चार जणांना ओढत गोलपर्यंत जायचा. २००२ चा रोनाल्डो वाट बघायचा. फायनलचा पहिला गोल आठवा: रिव्हाल्डोचा फटका ऑलिव्हर कानच्या हातून सुटला आणि हा तिथे होता. पळण्याची जागा संधी ओळखण्यानं घेतली. मला तर दुसरा जास्त आवडतो.

सगळेच परत येत नाहीत, हेही लिहायला हवं. हॉलंडच्या व्हॅन बास्टेनचा घोटा. मे १९९३ ची चॅम्पियन्स लीग फायनल ही त्याची शेवटची मॅच, वय २८. त्यानंतर दोन वर्षं तो प्रयत्न करत राहिला आणि १९९५ मध्ये थांबला. बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा किताब, तीनदा जिंकलेला माणूस.

सांतोस का छोकरा

सर, मी तुमच्याच गावचा, थाटीपूरला राहतो, बी.कॉम. दुसरं वर्ष. मराठी चुकली तर सांभाळून घ्या.

मी ब्राझीलच्या नेमारचा फॅन. १८ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी उरुग्वेविरुद्धची मॅच बघत होतो. घरात नवरात्र, आई देवाजवळ माळ बांधत होती. हाफ टाइमच्या थोडं आधी तो पडला आणि रडत स्ट्रेचरवरून गेला. एसीएल आणि मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) दोन्ही. मीही रडलो, आईनं विचारलं कोण गेलं. त्यानंतर वर्षभर मी काय केलं ते सांगतो. त्याच्या प्रत्येक फोटोखाली ‘कब’ लिहिलं. जिममध्ये दिसला तर कब, घरी मुलीबरोबर दिसला तर ‘पार्टीच करतो, खेळत नाही’. हे मी लिहिलंय, माझ्या हातानं. एक वर्षानं, ऑक्टोबर २०२४ मध्ये तो सौदीच्या अल हिलाल क्लबकडून परतला आणि दुसऱ्याच मॅचमध्ये मांडीचा स्नायू गेला. अल हिलालकडून एकूण सात मॅच. या फेब्रुवारीत ब्राझीलमधल्या त्याच्या जुन्या क्लबात, सांतोसमध्ये, ३३ व्या वाढदिवशी उतरला तेव्हा वाटलं चला, संपलं. परवा ब्राझीलच्या टीममध्ये नाव आलं आणि पुन्हा मांडीमुळे गळालं. या वेळी मी काहीच लिहिलं नाही. त्याच्या जुन्या गोलाखाली नुसतं ‘थँक यू’ लिहिलं.

दीदीला माझा नमस्कार सांगा. तारीख नका विचारू.

बडोद्याची लेफ्ट बॅक

सर, मी बडोद्याला युनिव्हर्सिटीकडून खेळायचे. विसाव्या वर्षी माझंही एसीएल गेलं. तुमची मुलगी का येत नाही ते मला माहीत आहे. मैदानावर तुम्हाला बघून सगळ्यांचे डोळे आधी गुडघ्यावर जातात, मग तोंडावर. महिनाभरात आपण माणूस उरत नाही, एक गुडघा होतो, आणि सगळे त्याची तब्येत विचारायला येतात. त्यांचं प्रेम असतं, म्हणून रागावताही येत नाही. मी फोन उचलणं बंद केलं होतं.

मला बाहेर काढलं ते आमच्या कोचनी. एका संध्याकाळी त्या घरी आल्या, दांडिया बाजारातून आणलेला चिवडा आईच्या हातात दिला आणि माझ्यासमोर एक वही ठेवली. म्हणाल्या, “पुढच्या मॅचला त्यांची राइट विंग किती वेळा आतल्या बाजूनं जाते ते मोजून दे, मला दोन्हीकडे बघता येत नाही.” गुडघ्याचं नावही काढलं नाही. मी पूर्ण मॅच मोजत बसले. एकवीस वेळा. आकडा अजून लक्षात आहे, कारण कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच कोणाला माझा उपयोग झाला होता.

तुमच्या पोरींना स्पेनच्या अलेक्सिया पुतेयासची गोष्ट सांगा. जुलै २०२२, युरो (युरोपच्या देशांची स्पर्धा) सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सरावात तिचं डावं एसीएल तुटलं, तेव्हा ती जगातली सर्वोत्तम खेळाडू होती. पूर्ण युरो गेली. जवळजवळ दहा महिन्यांनी परतली. २०२३ चा वर्ल्ड कप स्पेननं जिंकला, फायनलला ती बाकावर होती आणि अगदी शेवटच्या मिनिटाला आत आली. कप तिचाही आहेच. मुलींना हे कळू द्या की दहा नंबर बाकावर बसूनही टीमचीच असते.

मुरारचे सर — ३० मार्च

सगळ्यांचे आभार. दोनदा वाचलं, एकदा बायकोलाही वाचून दाखवलं.

काल गेलो होतो तिच्या घरी. गजक आणि वही घेऊन. बडोद्याच्या ताई, वही तुमचीच बरं का. मी गुडघ्याचं विचारलं नाही. म्हटलं, छोट्या मुलींना तो वीस मिनिटांचा वॉर्म-अप शिकवायचा आहे, माझं वय झालं, उडी मारून दाखवता येत नाही आणि कोणाचे गुडघे आत पडतात ते मला वेगात दिसत नाही. तू बसून बघशील का? बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सातवीतल्या दोघींचे पडतात सर. मी जानेवारीतच बघितलं होतं. तुम्ही विचारलं नाही.”

हे ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

आज गुढीपाडवा, तिच्या आईनं श्रीखंडाला बोलावलं होतं, तिथूनच लिहितो आहे. पोरींना मी काल सकाळीच एकत्र बसवून सांगितलं की दीदीला तारीख विचारायची नाही, तिच्याकडून उतरायला शिकायचं. एकीनं विचारलं, मग हातावर दहा लिहायचं की नाही? म्हटलं, लिहा.

वडिलांचं मन अजून मे महिन्यातच आहे. मंगळवारी ते दुकान भावावर सोपवून येणार आहेत. शिवणाची टेप घेतली आहे. आधी ते स्वतः दोन्ही मांड्या मोजतील, मग आम्ही तिघं डॉक्टरांकडे जाऊ.