मदत हवी आहे : मॅनाटीच्या संकराबद्दल

नमस्कार मंडळी. परभणीत एमएस्सी प्राणिशास्त्र करतोय, सेमिनारला मॅनाटी (समुद्रगाय, पाण्यात राहणारा सस्तन प्राणी) घेतलाय. (समुद्र इथनं कुठल्या कुठं, पण हौस!) अ‍ॅमेझॉनच्या मॅनाटीला नखं नसतात, बहुतेकांच्या पोटावर पांढरे-गुलाबी चट्टे, गुणसूत्रं 56. वेस्ट इंडियन मॅनाटीला पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांवर नखं, गुणसूत्रं 48. तरी अ‍ॅमेझॉनच्या मुखाकडं दोघांचा संकर सापडलाय! सर विचारणारच, गुणसूत्रांच्या जोड्याच जुळत नसतील तर अशा पिल्लात पुढं अर्धसूत्री विभाजन (अंडी-शुक्राणू बनतानाचं पेशीविभाजन) कसं होतं?

आणखी एक. फ्लोरिडातल्या मॅनाटींत मायटोकाँड्रियल डीएनएचा (जो आईकडूनच पिल्लाला मिळतो) एकच प्रकार आढळतो. मुळात मोजक्याच माद्या तिकडं पोचल्या म्हणून, की नंतर थंडीनं संख्या घटली म्हणून? जेनेटिक्सवाले कुणी असाल तर जरा सोपं करून सांगा. शुक्रवारी सादरीकरण आहे.