वडिलांची १९८४ ची येझदी रोडकिंग: आधी इंजिन उघडावे की फ्रेम कापावी?

प्रश्न: सातारकर

नमस्कार. वडिलांनी १९८४ साली घेतलेली येझदी रोडकिंग मोटारसायकल गेली तेरा वर्षे आमच्या जुन्या गोठ्यात उभी होती. किक मारली की पिस्टन हलतो, पण कॉम्प्रेशन जवळजवळ लागतच नाही. टाकीत गंज आहे आणि वायरिंग उंदरांनी कुरतडले आहे. मागची फ्रेम कापून एकट्याची सीट, जुळ्या सायलेन्सरऐवजी एकच मोकळा सायलेन्सर आणि मॅट काळा रंग, अशी कॅफे रेसरच्या (जुन्या रेसिंग गाडीसारख्या, सुटसुटीत) धाटणीची गाडी करण्याचे मनात आहे. एका गॅरेजने इंजिन उघडूनही न पाहता पिस्टन बदलण्याचा सल्ला दिला, म्हणून काम घरीच करावे असे ठरवले. माझ्याकडे पान्यांचा संच, व्हाइस आणि रविवार एवढे भांडवल आहे. आरसी अजून वडिलांच्याच नावावर आहे. ते २०१९ साली गेले. सुरुवात कोठून करावी?

उत्तर: लेथवाला

सीट आणि रंग यांचा विचार शेवटी करा. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हाच पंप असतो, म्हणजे पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या बंद जागेत ओढले जाते आणि मग पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतील वाटांतून) वर ढकलले जाते. त्यामुळे क्रँकची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याची) ऑइल सील कडक झाली असतील तर नवा पिस्टन टाकूनही गाडी नीट चालणार नाही. क्लचच्या बाजूचे सील गेले की गिअरचे ऑइल आत ओढले जाऊन पांढऱ्या धुराचे लोट निघतात. मॅग्नेटच्या बाजूचे गेले तर त्याहून वाईट, कारण बाहेरची हवा शिरून मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि एखाद्या चढावर पिस्टन जाम होतो. तेरा वर्षे उभ्या असलेल्या गाडीची दोन्ही सील न तपासता बदलावीत.

हेड आणि सिलिंडर काढल्यावर पिस्टन वरच्या टोकाला आणून कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून पाहा. बाजूला थोडी हालचाल असणे योग्यच आहे, पण वर-खाली टकटक जाणवली तर बिग एंड (रॉडच्या क्रँककडील टोकाचे बेअरिंग) गेले आहे असे समजावे. क्रँक दाबून बसवलेला असल्याने ते काम घरी होत नाही. प्रेस आणि डायल गेज असलेल्या कारागिराकडेच द्यावे. सिलिंडरचा मूळ बोअर (आतला व्यास) ६५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी आहे. बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, असा सहा वेळा मोजून घ्या आणि जुन्या पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला आकडाही वाचा. मापे हाती येईपर्यंत एकही भाग विकत घेऊ नका.

सुट्या भागांबाबत एक सूचना: म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला, आणि २०२२ साली आलेल्या नव्या येझदीचे इंजिन ३३४ सीसीचे फोर-स्ट्रोक आहे. नावापलीकडे दोघींत काही समान नाही, तेव्हा दुकानदाराला साल आवर्जून सांगा.

उत्तर: कागदपत्रे आधी

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त त्याच्याही आधी कागदपत्रे आणावीत असे माझे मत आहे. मालकाच्या निधनानंतर नाव बदलण्यासाठी नमुना ३१ आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नमुना २५ लागतो. पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. तपासणीत इंजिन आणि चेसिस क्रमांक पाहिले जातात, म्हणून पावडर कोटिंगला फ्रेम देताना क्रमांकाच्या जागी मास्किंग करून घ्यावे. रंगाच्या जाड थराखाली क्रमांक बुजला की पुढचा मनस्ताप मोठा असतो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. रंग बदलल्यास त्याचीही आरसीवर नोंद करावी लागते. फ्रेम कापण्याचा विचार मात्र सोडावा: कायदा बाजूला ठेवला तरी मागच्या शॉकअॅब्सॉर्बरचा भार तेथेच येतो. मूळ बोल्टांवर बसणारी एकट्याची सीट बनवून घेतली, तर जुनी सीट केव्हाही परत लावता येईल. २०२१ च्या नियमांतील व्हिंटेज (जुन्या, जतन केलेल्या वाहनांच्या) नोंदणीची आशा तूर्त धरू नका. त्यासाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने असावे लागते.

मोकळ्या सायलेन्सरने आवाज वाढेल आणि ओढ कमी होईल, कारण टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरमधून परतणाऱ्या दाबाच्या लाटेवर ताकद अवलंबून असते. जुळ्या सायलेन्सरचा कार्बन कॉस्टिक सोड्याने काढता येतो. हातमोजे आणि चष्मा वापरा आणि अॅल्युमिनियमचा कोणताही भाग त्या पाण्यात टाकू नका, तो विरघळू लागतो.

उत्तर: टाकीवाले काका

टाकीत जुने नट आणि व्हिनेगर घालून हलवा, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. कार्ब्युरेटरचे जेट पितळी असतात. त्यांत तार खुपसू नका, मासेमारीची नायलॉन दोरी चालते. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर खराब होते, म्हणून पाइप नवे घ्या. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा. इथेनॉल पाणी शोषते, ते पाणी वेगळे होऊन तळाशी बसते आणि त्या थरात टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे ऑइल) जवळजवळ नसते. नळ उघडताच इंजिनात पहिल्यांदा तेच जाते.

सातारकर

मनःपूर्वक आभार. पिस्टनवर ६५.५० कोरलेले निघाले, म्हणजे सिलिंडर पूर्वीही बोअर करून (आतून मोठा करून) घेतला आहे. सर्वांत मोठे माप ६५.६९ भरले. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलतो. फ्रेम कापणार नाही.

उत्तर: लेथवाला

रॉड हलतो म्हणजे बिग एंडचे काम वर सांगितल्याप्रमाणे कारागिराकडे द्या. सिलिंडरसाठी ६५.७५ चा पिस्टन आधी हातात घ्या आणि तो कारागिराकडे नेऊन त्याच्या मापाने बोअर करून घ्या, कारण एकाच आकाराच्या दोन पिस्टनांतही थोडा फरक निघतो. बोअरनंतर पोर्टच्या धारा हलक्या हाताने बोथट करून घ्यायला सांगा, नाहीतर रिंग अडकून तुटते. बसवताना रिंगेची टोके खाचेतील पिनेवर आणि पिस्टनवरचा बाण एग्झॉस्टकडे असावा. पहिले पाचशे किलोमीटर मी लिटरला ५० मिली ऑइल घालतो.