सदाफुली कुंडीत येते, मग नदीकाठचं रान कशाला?

दांडियाबाजारकर
2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात घराघरांत शिरलं. तेव्हापासून आमच्याकडे नदीचा विषय निघाला की आवाज चढतात. परवा धाकटा भाऊ जेवताना म्हणाला, "काठचं रान साफ करा, मगरी नेऊन सोडा कुठेतरी. माणसाला काय उपयोग त्यांचा?"

मला भाचा आठवला. सहा वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला. दर आठवड्याला शिरेतून व्हिन्क्रिस्टीन. त्या औषधाने बोटं बधिर व्हायची, शर्टाची बटणं लागायची नाहीत. ताई पुढ्यात बसून एकेक लावून द्यायची. आज तो कॉलेजात जातो. ते औषध आपल्या तुळशीशेजारच्या सदाफुलीतलं, इथले लोक जिला बारमासी म्हणतात. मूळची ती मादागास्करची. कॅनडातले शास्त्रज्ञ तिचा पाला मधुमेहासाठी तपासत होते. साखर काही हलली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या, आणि तिथून कर्करोगाच्या औषधाची वाट सापडली. असं असताना एखादं झुडूप निरुपयोगी आहे हा निकाल आपण जेवणाच्या पाटावरून कसा देणार?

पादरा रोडचा केमिस्ट
काका, भाचा बरा झाला हे वाचून खूप बरं वाटलं. पण मी वीस वर्षं औषधाच्या कारखान्यात काढलीत, म्हणून स्पष्ट बोलतो. सदाफुलीला जंगल लागत नाही, ती गटाराच्या कडेलाही येते. गिला मॉन्स्टर या अमेरिकेतल्या विषारी सरड्याच्या लाळेवरून मधुमेहाचं एक्झेनाटाइड निघालं, 2005 मध्ये त्याला मंजुरी मिळाली. आज ते बनवायला एकही सरडा लागत नाही. 2022 मध्ये तर सदाफुलीच्या औषधाचे दोन मूळ घटक यीस्टमध्ये तयार करून दाखवले. रान राखायचं तर जरूर राखा, पण औषधाचं नाव पुढे करू नका. ढीगभर वनस्पती तपासाव्यात तेव्हा एखादी हाती लागते.

दांडियाबाजारकर
त्या यीस्टमध्ये घातलेली जनुकं आली कुठून? बरीचशी सदाफुलीचीच ना! सर्पगंधेचंही तसंच. वैद्य पिढ्यान् पिढ्या देत होते; मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे अनुभव 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात छापले, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. 1952 मध्ये मुळीतून रेसर्पिन हे रक्तदाबाचं औषध वेगळं काढलं. कारखान्याला गिरवायला कित्ता लागतो, आणि तो रानातून येतो.

मांडवीतला वैद्य
काका, मन तुमच्या बाजूला आहे, पण या युक्तिवादाची मला भीती वाटते. गुग्गुळ घ्या. कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या रानातलं काटेरी झुडूप. डिंक जास्त यावा म्हणून लोक खोल चिरा देतात, वर रसायन लावतात. डिंक भरपूर येतो आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. आज ते धोक्यातल्या जिवांच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. माझ्याकडे खडा येतो तो तळहातावर दाबून बघतो. चांगला गुग्गुळ उबेने मऊ पडतो, वास सुटतो. हल्ली निम्म्या खड्यांत वाळू नि भलताच डिंक निघतो. उपयोग कळला म्हणून झाड वाचत नाही, कधीकधी त्यानेच मरतं.

गुरांचा डॉक्टर
तुम्ही सगळे औषधाच्या बाटलीतच अडकलात. जो प्राणी कधी बाटलीत येणार नाही, त्याचं काय? गुरांना दुखण्यावर आम्ही डायक्लोफिनॅक टोचायचो, मीही टोचलंय. ते ढोर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडायची. मेलेलं गिधाड उघडलं तर काळजावर खडूची पूड सांडल्यासारखा पांढरा थर. कारण 2004 मध्ये कळलं, 2006 मध्ये गुरांसाठी बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातलं एकही उरलं नव्हतं. ढोरं रानात कुजू लागली, कुत्री वाढली, पाणी नासलं. फ्रँक आणि सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये हिशेब मांडला: 2000 ते 2005 या काळात त्यापायी सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली. गिधाडापासून एक गोळीही बनत नाही.

पादरा रोडचा केमिस्ट
पाच लाख हा अंदाज आहे, जिल्ह्या-जिल्ह्यांची तुलना करून काढलेला. पण डॉक्टर, हा मुद्दा मला खोडता येत नाही. औषधापेक्षा हाच पुढे करायला हवा होता.

समा रोडवरून
गिधाडांचं पटलं. मगरींचं सांगा. आमच्या जिन्यात छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर सोसायटीच्या फाटकाशी मगर पडलेली मुलीने पाहिली. ती अजून दिवा लावून झोपते. तिला मी जैवविविधता कशी समजावू?

दांडियाबाजारकर
तिला काही समजावू नका, तिची भीती खरी आहे. माझ्या लहानपणी नदीच्या दोन्ही अंगांना कोतरं, म्हणजे घळी होत्या. मगरी तिथेच असायच्या आणि पावसाळ्यात पाणीही तिथेच पसरायचं. त्यातल्या कित्येकांत आता राडारोड्याचा भराव आहे, त्यावर इमारती आहेत. रविवारी सकाळी काठाने चालत जाऊन उरलेल्या कोतरांचे फोटो काढणार आहे. तुम्ही याल का? भावालाही नेतोय.