आईच्या नोकरीचा काय संबंध?

वर कुणी म्हटलंय, 'आई नोकरीला, म्हणून पोरगं स्वमग्न.' अहो, हे खूळ जुनंच! 1943 मध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनरनी ऑटिझम (स्वमग्नता) जन्मजात म्हटला, तरी आईबापांच्या कोरडेपणाकडे बोट दाखवलंच. पुढे वर्षानुवर्षं आयांनी बोल खाल्ले.

1977 मध्ये फोलस्टीन आणि रटर या संशोधकांनी एकाला तरी ऑटिझम असलेली जुळी तपासली. एकसारख्या (जनुकं तीच असलेल्या) 11 जोड्यांपैकी 4 मध्ये दोघांनाही ऑटिझम. वेगळ्या (साध्या भावंडांइतकीच जनुकं जुळणाऱ्या) 10 जोड्यांत एकातही नाही. म्हणजे जनुकांचा वाटा मोठा (11 पैकी 11 नाहीत, म्हणजे सगळा वाटा जनुकांचा नव्हे, हेही बघा). आणि जनुकही एकच नव्हे, शेकडो.

सांगलीत माझ्या मावसबहिणीचा स्वमग्न लेक हळकुंडं लांबीप्रमाणे ओळीत मांडतो; एक हललं की आकांत. ताई पहिल्यापासून घरीच. मग शेजारणींनी मोबाइलवर खापर फोडलं.